टिकारामचा कान

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे धरणाच्या या काठावर एकट्या मलाच माहीत होतं. पोटच्या पोराला, प्रितमलाही नाही. त्याला वाटे, बाबा तिरसट आहेत, हाक मारली तर मुद्दाम वळत नाहीत. मीही म्हणायची, "होय बाप्पा, आहेतच तिरसट. तू समोर जाऊन बोल." समोर उभं राहिलं की ओठ बघून ह्यांना सगळं कळे.

रांझीला गाड्यांच्या फॅक्टरीत ह्यांनी बत्तीस वर्षं डिझेल इंजिनं तपासली. इंजिन टेबलावर चढवायचं, त्याच्यावर लोड टाकायचा, तासभर पळवायचं, अन् शेवटी टिकाराम मेश्राम खडूनं त्याच्यावर लिहिणार, 'पास', खाली 'टि. मे.' ते दोन शब्द असल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे. मोठमोठे इंजिनियर यायचे अन् म्हणायचे, टिकाराम, जरा कान लाव. तोच कान आवाजात राहून राहून गेला. आधी डावा गेला, मग उजवा. डॉक्टरनं मशीन लावा म्हटलं तर हे खुर्चीवरून उठूनच आले. "कानात मशीन घालून बसलो तर इंजिन घेऊन कोण येईल माझ्याकडे?"

रिटायर झाल्यावर आम्ही बरगीच्या धरणाकाठी टोल्यात, या छोट्या वस्तीत, दोन खोल्या बांधल्या, कारण प्रितम इथं बोट चालवतो. पाणी उतरलं की उघडी पडते त्या जमिनीत एकरभर मटार लावतो. अन् लोक इंजिनं घेऊन येतातच. कोणाचा पंप असतो, कोणाचा ट्रॅक्टर. "काका, जरा सुनके बताओ." हे हात लावतात, तेल दोन बोटांत चोळतात, धूर बघतात. हाताला अर्धं कळतं. उरलेलं अर्धं मी सांगते.

ती आमची युक्ती होती. मी समोर कुठंतरी काम करत उभी राहायची. एवढी वर्षं ह्यांनी जेवताना तोंडानं इंजिनाचे आवाज काढून दाखवले, बेअरिंग गेलं की कसं ठोकतं, व्हॉल्व्ह ढिला असला की कसं टिकटिकतं, ते सगळं माझ्या डोक्यात बसलंय. इंजिन चांगलं असलं की माझा पदर खांद्यावरच राहायचा. वाईट असलं की मी तो डोक्यावर घ्यायची. बाईनं पदर सावरला तर कोण बघतं? अकरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. लोक म्हणत, काय कान आहे काकांचा! अन् मी चूल फुंकत हसायची.

या पावसाळ्यात पलीकडच्या डोंगरटोल्याचा रपटा वाहून गेला. वरून पाणी वाहतं असा ओढ्यातला सिमेंटचा रस्ता तो, अर्धा राहिलाच नाही. डोंगराला वळसा घालून जायचं तर तीन तास, अन् रस्ता असा की दात हलतील. आमची जुनी बोटही तळातून सडली. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं धरणाच्या खालच्या टोकाला, दोन्ही काठांना बोटीनंच जायचं. शेवटी दोन्ही काठांनी मिळून बोट घ्यायचं ठरवलं. सरपंच सत्यवतीबाई ठामपणे बोलली, "पुरानी लेंगे, पर काका पास करेंगे तभी लेंगे."

अन् बोट निघाली आमच्या व्याह्यांची.

माझी यशोधरा डोंगरटोल्यात दिली आहे. सासरा मोहनजी मासळीचा ठेकेदार. त्यानं सैलानी, म्हणजे पर्यटक, फिरवणारी एक जुनी बोट कुठून तरी उचलून आणली होती. वर छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, अन् मागं दोन इंजिनं, एक डावं, एक उजवं. यशूला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी यायला पाहिजे होती सहाव्यातच. पण रपटा नाही, बोट नाही. फोनवर बोलायची तेव्हा मागं कोणीतरी असायचंच.

"जेवतेस ना?"

"हो."

"खोके तर उचलत नाहीस ना गं?"

"बाबा कसे आहेत?" ती विचारायची. बर्फातल्या मासळीचे खोके, एकेक वीस-वीस किलोचा. दिवाळीनंतर एकदा तिच्या अंगावरून गेलं होतं, ते तिनं मला संडासातून फोन करून सांगितलं, हळू आवाजात. पाण्यापलीकडं तिच्या घरचा दिवा दिसतो मला. दिवा दिसतो, पोट्टी दिसत नाही. काय करावं बाईनं?

मोहनजी आले तेव्हा आम्ही मटार तोडत होतो. जानेवारीची थंडी, वेलींवर दव, बोटं अशी आखडलेली की शेंग धरली आहे की नाही ते बघूनच कळे. कंबर सरळ केली तर समोर व्याही उभे, कोट-मफलर घालून. मी लगबगीनं पदर डोक्यावर घेतला. आमच्यात व्याह्यासमोर उघड्या डोक्यानं बाई उभी राहत नाही.

"विहीणबाई, अहो राहू द्या, आपण घरचेच," म्हणाले, अन् बांधावर बसले. खाली रुमाल घालून बसले, ते मला दिसलं. "या वयात तोडाईला स्वतःच वाकून राहिल्या? मजूर नाही मिळत का इकडं?"

"आपल्या शेतात आपण वाकलं तर काय होते भाऊ," मी म्हटलं.

"तेही खरं आहे." मग ह्यांच्याकडं वळून, तोंड भरून, "उद्या बोट तुमच्या घाटावर आणून लावतो टिकारामजी. मंगळवारी सकाळी बघून घ्या. सौदा झाला की पुढच्या सोमवारी सूनबाईला पोचवतोच. माहेरी येऊ द्यायला आम्ही कुठं नाही म्हणतो? पण एवढ्याशा डोंगीतून का पोटुशीला आणायचं, या वाऱ्यात? बोट पाहिजे ना!"

हे म्हणाले, "इंजिन चांगलं असेल तर पास होईलच."

"तुमच्या कानाला कोण फसवेल जी," मोहनजी हसले. जाताना मूठभर शेंगा तोडून खिशात टाकल्या, विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी अख्खा टोला घाटावर. सत्यवतीबाई, डोंगरटोल्याचे चार लोक, पोरंटोरं. मी थर्मासात चहा घेऊन गेले, डोक्यावर पदर घेऊनच, व्याही होते ना. बोट खुंट्याला बांधलेली. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली अन् गार पाण्यातून चढले. मागची झाकणं उघडली. इंजिन चालू करू दिलं नाही. आधी दोन हात दोन इंजिनांवर ठेवले अन् तसेच थांबले, डोळे मिटून.

मग विचारलं, "बोट केव्हापासून उभी आहे इथं?"

"काल संध्याकाळपासून," प्रितम म्हणाला.

"उजवं गारठून गेलं आहे. डावं कोमट काहून आहे?"

मोहनजींचा माणूस खाली बघायला लागला. मोहनजी म्हणाले, "पोट्ट्यानं बॅटरी बघायला पहाटे चालू केलं असेल. त्यात काय?"

त्यात काय ते मलाही माहीत होतं. ह्यांनीच हजारदा सांगितलेलं. थंडीत गारठलेलं इंजिन एका झटक्यात उठलं तर त्याची छाती चांगली. ज्याची छाती गेली त्याला मालक गिऱ्हाईक यायच्या आधी उठवून, खोकून-बिकून घेऊन, गरम करून ठेवतो. दोन्ही उठवली असती तर बॅटरीची गोष्ट पटली असती. एकच कोमट होतं.

ह्यांनी डाव्याचं तेल काढून बोटांत चोळलं. "तेल नवं आहे. अन् जाड आहे."

"तुमच्यासाठीच बदललं ना," मोहनजी.

"असं करू," हे म्हणाले, "उद्या पहाटे पुन्हा बघतो. तोवर कोणी हात लावायचा नाही."

तेव्हा मोहनजी पाण्याकडं तोंड करून उभे होते, माझ्याजवळ. तोंड तिकडंच ठेवून, मला ऐकू येईल एवढंच बोलले. "उद्या मला बालाघाटला जायचं आहे. तिथं गिऱ्हाईक तयार आहे. आज झालं तर झालं, नाही तर बोट तिकडं जाईल. मग सूनबाईचं बाळंतपण आमच्याकडंच. आमची सुईण आहे, काही अडत नाही."

ह्यांना त्यांचे ओठ दिसले नाहीत. माझ्याशिवाय कोणालाच काही कळलं नाही. मी थर्मासचं झाकण लावत होते ते लागेचना.

सत्यवतीबाई पाण्यात उतरून म्हणाली, "काका, आज ही देख लो ना. सब लोग काम छोड़के आए हैं."

"चलो," हे म्हणाले. "बांधून चालवू."

ही ह्यांची फॅक्टरीची सवय. मोकळं इंजिन तर कोणतंही गोड वाजतं. बोट जाड दोरानं दोन खुंट्यांना बांधायची, गिअर टाकायचा अन् रेस द्यायची. बोट जाऊ शकत नाही, इंजिन ढकलत राहतं. तेव्हा त्याच्या पोटातलं बाहेर येतं.

आधी उजवं. दोर ताणला, खुंटा करकरला, मागं पाणी उसळलं. एकसारखा आवाज, कुठं अडखळ नाही. धूर थोडा, तोही विरून गेला. हे मान हलवत होते, ऐकल्यासारखं करत होते. लोक त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

मग डावं. आधी बरं वाजलं. प्रितमनं रेस वाढवली, दोर ताणला, अन् मला ऐकू आलं. खालून, खोलातून. ठक् ठक् ठक् ठक्. बंद दारावर कोणी बोटाच्या पेरानं ठोकावं तसं. मोठ्या आवाजाखाली दडलेलं, ज्याला माहीत नाही त्याला ऐकूही येणार नाही. मला आलं. बेअरिंग गेलेलं. जाड तेल घालून दाबलेलं.

ह्यांनी इंजिनावर हात ठेवला होता, पण दोराचा हिसका, पाण्याचा धक्का, सगळी बोटच थरथरत होती. हाताला वेगळं काय कळणार? ह्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

माझा पदर डोक्यावर होता.

म्हणजे नापास. पण व्याही समोर आहेत म्हणूनही असेल. ह्यांच्या कपाळावर आठी पडली. नजरेनं विचारलं, हा मानाचा पदर आहे की आपला?

मला काही करायचंच नव्हतं. नुसतं तसंच उभं राहायचं होतं. हात हलवायचा नव्हता, तोंड उघडायचं नव्हतं, खरं आपसूक सांगितलं गेलं असतं. अन् माझ्या डोळ्यांसमोर यशू आली, वाकून खोका उचलणारी.

मी पदर खाली ओढला. भर घाटावर, व्याह्यासमोर, उघड्या डोक्यानं उभी राहिले. मोहनजींनी चमकून बघितलं अन् मान वळवली. डोंगरटोल्याच्या एका म्हातारीनं "अगं बाई!" म्हटलं. ह्यांनी मात्र एक लांब श्वास सोडला, वरच्या खिशातून खडू काढला अन् दोन्ही झाकणांवर लिहिलं. पास. टि. मे. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन पाय पुसताना हे म्हणाले, "शेवंता, डावं नक्की बरोबर होतं ना? हात काही वेगळंच सांगत होता."

"बरोबर होतं. हात म्हातारा झाला तुमचा."

हे आपल्या हाताकडं बघत राहिले. "होत असेल बाप्पा," म्हणाले अन् हसले. मेलं माझं तोंड कसं जळलं नाही तेव्हा!

ते पाच दिवस मी मटार तोडला, सोलला, पोती शिवली. स्वतःला समजावत राहिले. दोन इंजिनं आहेत. एक बंद पडलं तर दुसरं घेऊन येईल. यशू एकदा या काठाला लागली की मी प्रितमला सांगेन, पोरा, डाव्याचं बघून घे. एकच तर खेप. यशू त्याच बोटीत बसणार, हे का मला कळत नव्हतं? कळत होतं. पण आईचं मन एकदा एका गोष्टीवर अडलं की बाकी सगळं त्याला बारीक दिसतं. तिच्यासाठी गोधडी उन्हात घातली. मेथीचे लाडू वळले. खाटेचे पाय ठोकून घेतले.

रविवारी संध्याकाळी प्रितम बोट घेऊन पलीकडं गेला. सोमवारी सकाळी आठला निघायचं ठरलं, यशूला घेऊन, बाजाराचे दहा-बारा लोक घेऊन.

अन् सोमवारी धुकं पडलं. असं की घाटाची खालची पायरी दिसेना. आम्ही दोघं काठावर उभे, मागं बाजाराला जाणारे लोक, सत्यवतीबाई दवाखान्याची चिठ्ठी घेऊन. ह्यांना काही दिसत नव्हतं अन् ऐकू तर येतच नव्हतं. दर मिनिटाला माझ्या तोंडाकडं बघत होते. "निघाली का?"

मी मान हलवली. निघाली होती. धुक्यातून दोन्ही इंजिनांचा आवाज येऊन राहिला होता, लांबून, एकात एक मिसळलेला. मग हळूहळू जवळ. अन् त्याच्यात ते. ठक् ठक्. त्या दिवशी दडलेलं होतं, आता दडलेलं नव्हतं. बोटीत माणसं होती, सामान होतं. ठक् ठक् ठक् ठक्, आधी जलद, मग आणखी जोरानं, मग एक मोठा कडाका झाला.

मग काहीच नाही.

बायकांचा ओरडा पाण्यावरून आला. त्यात यशूचा होता की नाही मला ओळखू आला नाही. माझ्या पोटच्या पोट्टीचा आवाज मला ओळखू आला नाही!

हे माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय झालं? शेवंता, दोन्ही चालू आहेत ना?"

मागं लोक होते. माझा हात वर गेला अन् मी पदर डोक्यावर घेतला.

ह्यांनी आधी मागं वळून बघितलं. व्याही आले का, कोणी मोठं माणूस उभं आहे का, ते बघितलं. तसं कोणी नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं.

"आत्ताचं का?" हळूच म्हणाले. "का तेव्हाचंही?"

"तेव्हाचंही," मी म्हटलं. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले. ह्यांना तेवढं पुरलं.

हे पाण्यात उतरले, कमरेपर्यंत, अन् दोन्ही हात पाण्यात घालून उभे राहिले. मला तेव्हा कळलं नाही ते काय करून राहिले. पाण्यातून इंजिनाची थरथर हाताला लागते का बघत होते.

केवढा वेळ गेला कोण जाणे. मग एकट्या उजव्याचा आवाज सुरू झाला, अडखळत. धुक्यातून बोट आली ती आडवी, काठाला तोंड न करता, अन् प्रितम सगळं अंग टाकून सुकाणू दाबून धरलेला. मागून काळा धूर. बाया एकमेकींना धरून बसलेल्या. मधल्या खुर्चीवर यशू, पोटावर दोन्ही हात, ओठ पांढरे. ह्यांनी तिला उचलून उतरवली. या वयात, सात महिन्यांच्या पोटुशीला, कमरेइतक्या पाण्यातून.

"दुखतं का गं? कुठं दुखतं?" मी तिच्या पोटाला, पाठीला, तोंडाला हात लावत होते.

"हलतंय आई," यशू म्हणाली. "हलतंय, ठीक आहे." मग रडायला लागली.

प्रितमचा हात भाजला होता, झाकण उघडताना. सत्यवतीबाई ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही, तेच वाईट. "काका, आपने तो पास किया था."

हे बोटीत चढले. गळ्यातला ओला गमछा काढला अन् डाव्या झाकणावरचा खडू पुसला. नीट पुसला, कोपऱ्यापर्यंत. मग सगळ्यांकडं तोंड करून उभे राहिले. सगळ्यांना कळावं म्हणून की काय, हिंदीत बोलले.

"मुझे सुनाई नहीं देता. ग्यारह साल हो गए."

प्रितम भाजलेला हात धरून बापाकडं बघत राहिला.

"सुनती ये है," हे म्हणाले, माझ्याकडं बोट करून. मग मराठीत, मला, "बोल. मोठ्यानं बोल. मला नाही, ह्या लोकांना सांग."

बत्तीस वर्षं फॅक्टरीत, अकरा वर्षं इथं, ह्यांनी एक नाव कमावलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं गमछ्यानं पुसलं, अन् माझं झाकायला एक शब्द वापरला नाही, अन् माझ्यावर ढकलायलाही नाही. मी पळून जाऊ शकले असते तर गेले असते. मागं लोक, पुढं पाणी.

"डावं ठोकत होतं," मी म्हटलं. "मंगळवारीच ठोकत होतं. मी ऐकलं होतं. मी ह्यांना बरोबर आहे म्हणून सांगितलं."

यशूनं डोळे पुसले. तिला सगळं कळलं, कशासाठी ते पण. सासरघरच्या पोरीला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. मला वाटलं आता गळ्यात पडेल, नाही तर शिव्या देईल. काहीही चाललं असतं.

"आई," ती म्हणाली, "प्रितमही होता ना गं त्या बोटीत."

एवढंच.

हे बोटीतून उतरून आले. वरच्या खिशातला खडू कोरडा राहिला होता, तो माझ्या हातात दिला.

"नापास लिही," म्हणाले. "अन् खाली नाव लिही. माझं नको. तुझं."

मी पाण्यात उतरले. पदर डोक्यावरच होता. पत्रा ओला होता, खडू उमटत नव्हता, म्हणून मी कोपर टेकून, दाबून दाबून लिहिलं. मागं घाटावर अख्खा टोला उभा होता, अन् प्रितम एकेक अक्षर वाचत होता.